विषारी धान्याचे गाव : एका काल्पनिक साहसाच्या रचनेचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील साहस, म्हणजे खेळाडूंनी भूमिका घेऊन खेळायचे कथानक, चार खेळाडूंसाठी आणि प्रत्येकी सुमारे तीन तासांच्या दोन बैठकांसाठी रचले होते. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन आणि फासे टाकून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे होते आणि पात्रे तिसऱ्या पातळीची होती. खेळाडूंपैकी दोघे अनुभवी होते आणि दोघे पहिल्यांदाच रोलप्लेइंग खेळायला बसणार होते. मागणी एकच होती : लढाई कमी असली तरी चालेल, पण गावावरचे संकट खेळाडूंना आपले वाटले पाहिजे.

ही मागणी दिसते तेवढी सरळ नाही, कारण या खेळप्रकारात गावाचे काम फार पूर्वीच ठरून गेले आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, या खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेले ‘द व्हिलेज ऑफ हॉमलेट’ हे साहस आले. त्यात गावातील घरे क्रमांक देऊन मांडलेली आहेत आणि कोणत्या घरात कोण राहते, त्याची ताकद किती आणि त्याच्याकडे काय आहे याचा तपशील दिलेला आहे. गावाकडे इतक्या बारकाईने पाहण्याची ती पद्धत आजही उपयोगी आहे. तरीही बहुसंख्य साहसांत गाव हे निघण्याचे आणि परतण्याचे ठिकाण राहते. गावकरी मदत मागतात, वीर दुसरीकडे जाऊन लढतात, परत येऊन बक्षीस घेतात, आणि या सगळ्या काळात गाव स्वतः काहीच करत नाही. जे गाव काही ठरवत नाही त्याच्याविषयी खेळाडूंना दया वाटू शकते, पण आपलेपणा वाटणे कठीण असते.

म्हणून रचनेचे पहिले तत्त्व असे ठरवले की संकटाचे कारण सापडणे हा साहसाचा मध्य असेल, शेवट नसेल. पहिल्या बैठकीच्या अखेरीस खेळाडूंना सत्य कळलेले असावे, आणि दुसरी संपूर्ण बैठक त्या सत्याचे काय करायचे, ते कोणाला सांगायचे आणि त्याची किंमत कोणी द्यायची या प्रश्नांवर जावी. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या तत्त्वातून आला आहे.

संकटाची निवड

अनेक संकटे विचारात घेतली आणि प्रत्येकाला एकच कसोटी लावली : कारण उघड झाल्यावर ठरवण्यासारखे काही उरते का? रात्री गावावर धाड घालणारा राक्षस या कसोटीवर लगेच बाद झाला, कारण त्याची गुहा सापडली की लढण्यावाचून काही उरत नाही. नाहीशा होणाऱ्या मुलांची कथा भावनेने तीव्र असली, तरी तिच्यातही मुले सापडली की गाव पुन्हा प्रेक्षक होते. आटलेल्या झऱ्याची कल्पना काही काळ टिकली, पण तिचे उत्तर डोंगरात कोठेतरी होते आणि खेळाडूंनी गावातच राहावे असा आमचा हेतू होता.

शेवटी निवडले ते विषारी धान्य. याला वास्तवातला भक्कम आधार आहे. राय आणि इतर तृणधान्यांच्या फुलोऱ्यावर क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया ही बुरशी पडते आणि कणसात दाण्याच्या जागी काळसर जांभळी, लांबट, कठीण गाठ तयार होते. यालाच अरगट म्हणतात. फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड आणि दमट राहिली तर तिचा प्रादुर्भाव वाढतो. अशा गाठींसह दळलेले पीठ खाणाऱ्यांना मध्ययुगीन युरोपात जो आजार होत असे, तो ‘सेंट अँथनीचा अग्नी’ या नावाने ओळखला जाई. एका प्रकारात हातापायांची आग होऊन बोटे काळी पडत आणि झडत, तर दुसऱ्या प्रकारात झटके येत, अंग वाकडे होई आणि भास होत. शाप, करणी किंवा भुताटकी यांचा संशय यावा अशी ही लक्षणे आहेत, पण त्यांचे मूळ रोजच्या भाकरीत आहे. साहस रचणाऱ्याला याहून चांगली सामग्री क्वचितच मिळते.

आता यात अद्भुत कोठे आणि किती आणायचे, हा प्रश्न होता. रोग पूर्णपणे जादूचा केला असता तर जादूगार पात्राने एक मंत्र म्हणून तो संपवला असता. तो पूर्णपणे नैसर्गिक ठेवला असता तर हे साहस कल्पनारम्य जगात घडण्याचे कारण उरले नसते. त्यामुळे बुरशी नैसर्गिकच ठेवली, पण तिला शेताबाहेर थोपवून धरणारी एक शक्ती कल्पिली. गावाचे नाव सोनकणस ठेवले आणि त्या शक्तीचे नाव बांधराखीण. गाव दरवर्षी जंगलाला लागून असलेला शेताचा एक पट्टा न कापता तिच्यासाठी सोडत असे आणि त्या बदल्यात ती पिकावर रोग येऊ देत नसे. मागच्या हंगामात पीक कमी आले, तेव्हा गावप्रमुखाने आणि धान्यकोठीच्या राखणदारणीने आपापसात ठरवून तो पट्टाही कापून घेतला. त्यातून आलेली अकरा पोती सगळ्या गावाने खाल्ली. त्यांपैकी बहुतेकांना ती कोठून आली हे माहीत नव्हते, आणि ज्यांना शंका आली त्यांनी विचारले नाही.

हा अपराध असा वाटला गेला आहे की शिक्षा देण्यासाठी एकच माणूस वेगळा काढता येत नाही. गावप्रमुख लोभी दाखवण्याचा मोह रचनेच्या काळात वारंवार झाला, कारण लोभी प्रमुख लिहायला फार सोपा असतो. पण तो लोभी ठरला की संकट त्याच्या पदच्युतीने सुटल्यासारखे वाटते. त्याने भुकेच्या भीतीने, गावासाठी, चोरून घेतलेला निर्णय हीच या साहसाची खरी गाठ आहे, आणि म्हणून त्याला प्रामाणिक, थकलेला आणि बोलायला घाबरणारा माणूस ठेवले.

आजारी नसणारी माणसे

गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, मेंढपाळांची आठ खोपटांची वस्ती आहे. गावात चाळीसजण आजारी असताना या वस्तीत कोणालाही काहीही झालेले नाही. गावाच्या दृष्टीने याचा अर्थ उघड आहे : करणी त्यांनीच केली. खरे कारण असे की त्या वर्षी मेंढपाळांनी गावाचे धान्य विकत घेतलेच नव्हते आणि ते दूध, चीज आणि खारवलेल्या मांसावर राहत होते. म्हणजे ज्या गोष्टीमुळे त्यांच्यावर आरोप होतो, तीच गोष्ट रोगाच्या कारणाकडे नेणारा सर्वांत बळकट पुरावा आहे.

ही योजना सुचली ती रोगांच्या इतिहासातून. १८५४ साली लंडनमधील ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद घराघरांनुसार केली. एका सार्वजनिक पंपाभोवती मृत्यू दाटलेले होते, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. पण त्यांच्या युक्तिवादाला तेवढेच बळ देणारी बाब अशी की त्याच रस्त्यावरच्या मद्याच्या कारखान्यातील कामगार जवळपास बचावले होते, कारण ते पंपाचे पाणी पीत नव्हते. साथीच्या मध्यभागी असूनही न आजारलेली माणसे काही सांगत असतात. पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढण्यात आला.

खेळाच्या रचनेत या विचाराचा मोठा फायदा होतो. रहस्य रचताना आपण सहसा आरोपाकडे नेणारे खोटे पुरावे आणि सत्याकडे नेणारे खरे पुरावे वेगवेगळे ठेवतो, आणि खेळाडूंना त्यांतून निवड करावी लागते. येथे पुरावा एकच आहे, त्याचे वाचन मात्र दोन प्रकारे होऊ शकते. त्यामुळे चुकीच्या मार्गावर गेलेला गटही रिकाम्या हाताने परत येत नाही. वस्तीवर चढाई करायला निघालेल्या संतप्त जमावासोबत खेळाडू गेले, तरी तेथे त्यांना चुलीवरचे अन्न दिसते, आणि या घरांत पीठ नाही हे लक्षात येण्याची शक्यता तेथेच सर्वाधिक असते.

पुरावे आणि फासे

वीस बाजूंच्या फाशाचा हिशेब अनेक रचनाकार करत नाहीत, आणि साहसे त्यामुळे अडतात. एखाद्या पात्राला तपासाच्या कौशल्यामुळे फाशावरच्या आकड्यात पाच मिळवता येत असतील आणि काठिण्य, म्हणजे यशासाठी गाठायची बेरीज, पंधरा असेल, तर फाशावर दहा किंवा त्याहून अधिक पडले पाहिजे, म्हणजेच यशाची शक्यता ५५ टक्के आहे. सत्यापर्यंत पोहोचण्यासाठी असे तीन टप्पे एकापाठोपाठ एक पार करावे लागत असतील, तर तिन्ही पार होण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या आसपास उरते. हेच तीन पुरावे स्वतंत्र ठेवले आणि त्यांपैकी कोणताही एक पुरेसा मानला, तर किमान एक हाती लागण्याची शक्यता ९१ टक्के होते. फासा आणि काठिण्य तेच राहतात, आणि एवढा मोठा फरक केवळ मांडणीतून येतो.

या साहसात मध्यावर पोहोचणे अत्यावश्यक होते, म्हणून ९१ टक्केही अपुरे मानले. मूलभूत पुरावे फाशाविना मिळतील असे ठरवले आणि फासा फक्त वेळ व परिणाम यांच्यासाठी राखून ठेवला. कोठीत जाऊन धान्य हातात घेणाऱ्याला काळ्या गाठी दिसतातच. फासा चांगला पडला तर राखणदारणीच्या नकळत दिसतात, वाईट पडला तर तिच्यासमोर दिसतात आणि तिचा चेहरा उतरतो. कोठीतला केरकचरा खाणाऱ्या गुरांच्या शेपटीची टोके व खुरांच्या कडा काळ्या पडल्या आहेत, हे गोठ्यात जाणाऱ्या कोणालाही सांगितले जाते. पाणचक्कीवाल्याचे कुटुंब सर्वांआधी आजारी पडले, हे वैद्यीण विचारल्याबरोबर सांगते, कारण तिने तारखा लिहून ठेवल्या आहेत. तिला कारण ठाऊक नाही, पण तिची वही खरी आहे. ही वही खेळाडूंच्या हातात द्यायला एक कागद म्हणून तयार केली होती, आणि नवख्या खेळाडूंना तिचा सर्वाधिक उपयोग झाला : नियम न समजता, फासा न टाकता, केवळ वाचून त्यांना काहीतरी सापडले.

वेळेचा ताण दाखवण्यासाठी सहा भागांचे वर्तुळ टेबलावर सर्वांना दिसेल असे ठेवले. संकटाची प्रगती अशा घड्याळावर नोंदवण्याची पद्धत २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळापासून बरीच रूढ झाली आणि ती या प्रकारच्या साहसाला उत्तम जुळते. येथे प्रत्येक भरलेल्या भागासोबत गाव स्वतः काहीतरी करते. आधी वैद्यिणीकडे जाणे लोक थांबवतात, मग ओढ्यावर पहारा बसतो, मग मेंढपाळांचा एक मुलगा कोंडला जातो, मग वस्तीकडे मशाली निघतात. खेळाडूंनी काहीच केले नाही तरी गाव काय करेल, हे गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आधी ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक असले की त्याला आयत्या वेळी घटना शोधाव्या लागत नाहीत, आणि खेळाडूंना जाणवते की या माणसांना त्यांची स्वतःची घाई आहे.

आजारी मुले आणि एका छोट्या वस्तीवरचा खोटा आरोप हे विषय काही खेळाडूंना जड जाऊ शकतात. म्हणून पहिल्या बैठकीपूर्वी त्यांविषयी स्पष्ट बोलणे झाले. मुलांचा मृत्यू टेबलावर वर्णिला जाणार नाही असे ठरले, आणि जॉन स्टॅव्हरोपोलोस यांनी तयार केलेले एक्स-कार्ड, म्हणजे कोणीही कारण न देता एखादा प्रसंग थांबवण्यासाठी उचलायचे कार्ड, मध्यभागी ठेवले होते.

मीठ

दुसऱ्या बैठकीचा सारा भार एका साध्या भौतिक वस्तुस्थितीवर आहे. अरगटाच्या गाठी निरोगी दाण्यांपेक्षा हलक्या असतात. पाण्याच्या शेकडा वीस भाग मीठ घातलेल्या द्रावणात, म्हणजे दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ या प्रमाणात, धान्य बुडवून ढवळले की गाठी तरंगतात आणि चांगले दाणे तळाशी बसतात. बियाणे पेरणीपूर्वी स्वच्छ करण्यासाठी शेतकरी हा उपाय खरोखर वापरतात. त्यानंतर धान्य गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे लागते, नाहीतर ते कुजते किंवा त्याला मोड येतात.

म्हणजे उपाय आहे, तो जादूविना आहे, आणि त्याला मीठ लागते. सोनकणसात मीठ नाही. मीठ आहे ते मेंढपाळांकडे, कारण मांस खारवून विकणे हाच त्यांचा वर्षाचा व्यवसाय आहे. ज्यांच्यावर कालपर्यंत करणीचा आरोप होता, ज्यांचा मुलगा कदाचित या क्षणी गावाच्या तळघरात आहे, त्यांच्याच दारात आज गावाला हात पसरायचा आहे. माझ्या दृष्टीने ही या रचनेतील सर्वांत समाधानकारक जोडणी आहे, कारण पहिल्या बैठकीत गाव जसे वागले त्यावर दुसऱ्या बैठकीतला मिठाचा भाव ठरतो. घड्याळाचे दोनच भाग भरले असतील तर मेंढपाळ वसंतातल्या धान्याच्या वायद्यावर मीठ देतात. चार भरले असतील तर आधी मुलाची सुटका व्हावी आणि गावाने भर सभेत क्षमा मागावी अशी अट ते घालतात. मशाली वस्तीपर्यंत पोहोचल्या असतील तर निम्मे मीठ ओढ्यात गेलेले असते.

आकडे खेळाडूंसमोर उघडे ठेवले. गावात १८० माणसे आहेत, दिवसाला १.८ पोती धान्य लागते आणि हिवाळा १२० दिवसांचा आहे. म्हणजे गरज २१६ पोत्यांची आहे. कोठीत २४० पोती दूषित धान्य आणि एका बंद खोलीत ३० पोती जुने, स्वच्छ धान्य आहे. मेंढपाळांकडे मिठाची चौदा पोती आहेत, आणि खेळाच्या सोयीसाठी मिठाच्या एका पोत्याने दहा पोती धान्य स्वच्छ होते असे धरले आहे. सगळे मीठ वापरले तर १४० अधिक ३० म्हणजे १७० पोती होतात, आणि गाव ९४ दिवस जगते. उरलेल्या सव्वीस दिवसांसाठी सेहेचाळीस पोती कमी पडतात.

ही तूट मुद्दाम ठेवली आहे. ती फार मोठी असती तर खेळाडूंनी हात टेकले असते आणि नसती तर मीठ मिळताच खेळ संपला असता. सेहेचाळीस पोती ही अशी तूट आहे की ती भरण्याचे मार्ग दिसतात, पण प्रत्येक मार्गाचा भार वेगळ्या माणसांवर पडतो. शेजारचे गाव साठ पोती देऊ शकते, पण बदल्यात ओढ्याच्या पाण्यावर पहिला हक्क मागते, आणि हा भार ज्यांची शेते ओढ्याच्या शेवटी आहेत त्यांनाच सोसावा लागतो. सर्वांचा शिधा कमी करता येतो, पण आजारी माणसे अर्धपोटी राहिली तर बरी होत नाहीत. बांधराखिणीशी बोलणी केली तर ती सारी २४० पोती शुद्ध करू शकते, मिठाची गरजच उरत नाही आणि जुने धान्य धरून गावाकडे दीडशे दिवसांची तरतूद होते. त्या बदल्यात ती पुढची तीन वर्षे शेताचा एक तृतीयांश भाग न पेरता सोडायला सांगते. आज सर्वांत उदार वाटणारा हा मार्ग पुढच्या हिवाळ्यांवर सर्वांत जड आहे. शिवाय तिच्याशी बोलायचे तर पट्टा कोणी कापला हे आधी गावासमोर आले पाहिजे, कारण अनाम अपराध ती स्वीकारत नाही.

चाचणी खेळात एका खेळाडूने विचारले की वापरलेले द्रावण आटवून मीठ परत का मिळवू नये. प्रश्न अगदी रास्त होता. गेम मास्टरने तेथेच निर्णय दिला की एकदा आटवल्यावर निम्मे मीठ मिळते, दुसऱ्यांदा ते इतके मलिन असते की उपयोगाचे राहत नाही, आणि आटवण्यासाठी हिवाळ्याचे सरपण जाळावे लागते. सात पोती मीठ म्हणजे आणखी सत्तर पोती धान्य, आणि एकूण बेरीज २४० होऊन तूट भरून निघते. मात्र सरपण संपल्यावर गावाला जंगल तोडावे लागेल, आणि जंगलाच्या कडेला बांधराखीण आहे. हा मार्ग पुढे लेखी साहसात समाविष्ट केला, कारण आकडे उघडे ठेवण्याचे फळ नेमके हेच असते. खेळाडू रचनाकाराने न लिहिलेला मार्ग शोधतात आणि तोही आपोआप किमतीच्या त्याच जाळ्यात येऊन बसतो.

सभा

निर्णय खेळाडू घेत नाहीत, गाव घेते. याबाबत रचनेच्या काळात सर्वाधिक विचार झाला, कारण खेळाडूंच्या हातून अंतिम सत्ता काढून घेतली तर ते निराश होतात, आणि ती पूर्णपणे त्यांच्या हाती दिली तर गाव पुन्हा मुके होते. येथे पुन्हा इतिहासाचा आधार घेतला. इंग्लंडमधील ईम या गावात १६६५ साली प्लेग शिरला. पुढच्या वर्षी तेथील धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांचे पूर्वसुरी थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना पटवले की रोग आसपास पसरू नये म्हणून गावाने स्वतःची नाकेबंदी करावी. हद्दीवरच्या दगडाजवळ बाहेरचे लोक अन्न ठेवत आणि गावकरी व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी तेथे ठेवत. या घटनेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की एका पंथाच्या धर्मगुरूला एकट्याने गाव पटवता आले नाही. पदावरून दूर झालेल्या पण लोकांचा विश्वास टिकवून असलेल्या दुसऱ्याची साथ त्याला लागली. गाव पटते ते अशा ठरावीक माणसांच्या शब्दाने.

म्हणून सभेत मन वळवण्यासाठी एकच मोठा फासा ठेवला नाही. पाच आवाज ठेवले : गावप्रमुख, राखणदारीण, चक्कीवाला, वैद्यीण आणि ओढ्याच्या टोकाची एक म्हातारी शेतकरीण. प्रत्येकाची एक अट आणि एक भीती लिहून ठेवली. चक्कीवाल्याला आपल्या चक्कीवर ठपका नको आहे. वैद्यिणीला कोणताही निर्णय चालेल, पण आजाऱ्यांचा शिधा कापलेला चालणार नाही. शेतकरणीला पाण्याचा हक्क सोडलेला चालणार नाही, आणि तिच्यामागे गावाची एक संपूर्ण बाजू आहे. तीन आवाज मिळाले की ठराव होतो. फासा फक्त तेव्हाच टाकायचा, जेव्हा एखाद्याची अट पूर्ण झालेली नसतानाही खेळाडू त्याला वळवू पाहतात, आणि अपयश आले तर तो माणूस सभा सोडून जातो.

प्रत्यक्ष खेळात सर्वांत तीव्र प्रसंग घडला तो मात्र सभेपूर्वी. पहिली बैठक कोठीतल्या काळ्या गाठींवर संपली होती. दुसऱ्या बैठकीत गावप्रमुखाचे गुपित खेळाडूंना कळले आणि ते भर सभेत उघड करावे की नाही यावर त्यांच्यातच मतभेद झाले. योद्ध्याची भूमिका करणाऱ्याला वाटत होते की सत्य लपवून मागितलेले मीठ म्हणजे मेंढपाळांशी दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. नवख्यांपैकी एकीचे म्हणणे होते की आज प्रमुख गेला तर उद्याचे पहारे, धुलाई आणि वाळवण लावणार कोण. हा वाद बराच वेळ चालला, एकही फासा पडला नाही आणि गेम मास्टरने त्यात तोंड घातले नाही. नंतर त्यांनी प्रमुखालाच जाऊन विचारले की तो स्वतः सांगेल का. त्याच्या नोंदीत एवढेच लिहिलेले होते की तो कोणी सोबत उभे राहिले तर सांगेल. ते उभे राहिले.

त्या गटाने मीठ आणि शेजारच्या गावाचे धान्य असा मार्ग घेतला, पण शेतकरणीचे मत मिळवण्यासाठी पाण्याचा हक्क कायमचा न देता दोन वर्षांपुरता दिला आणि त्या बदल्यात साठऐवजी पन्नास पोत्यांवर समाधान मानले. बेरीज २२० झाली, गरजेपेक्षा चार अधिक. बांधराखिणीकडे ते गेलेच नाहीत, त्यामुळे पुढच्या हंगामात बुरशी पुन्हा येण्याचा धोका तसाच राहिला आणि तो त्यांनी जाणून स्वीकारला होता. लेखी साहसाच्या शेवटच्या पानावर वसंतातल्या सोनकणसाची चार वर्णने आहेत, मुख्य मार्गांसाठी एकेक, आणि प्रत्येकात तीनच गोष्टी नोंदलेल्या आहेत : किती माणसे उरली, कोणाचे शेत पडीक आहे, आणि मेंढपाळांची वस्ती ओढ्यावर अजून आहे की उठून गेली. या गटाने घेतलेल्या मार्गासाठी त्यांतल्या दुसऱ्या वर्णनात एक ओळ वाढवावी लागली : जंगलालगतचा पट्टा पेरायचा की सोडायचा, हे पेरणीपूर्वी ठरवण्यासाठी गावाने पुन्हा सभा बोलावली आहे आणि या वेळी मेंढपाळांनाही बोलावणे गेले आहे.